कोपरहून निघालेली निळी रेघ

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मालनने शेवटचा नट आवळला, चौकटीला दोन टिचक्या मारल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "बघा. आता किती खड्डे येऊ देत, फोन हलणार नाही."

सगळं सुरू झालं ते इथून. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण तेव्हाच फोन चौकटीत बसवला होता आणि त्याच्यावरचे आकडे चांगले मोठे होते.

मालनचा नवरा सुशांत लोकांच्या घरची पाणी गाळायची मशिनं दुरुस्त करायचा. कोपरहून बाइक काढायची, आज कल्याण, उद्या ठाणे, दिवसाला सात-आठ अनोळखी पत्ते. मॅपशिवाय पान हलायचं नाही. बाजारातले दोन होल्डर मोडून झाले होते. दुसरा मोडला तेव्हा फोन रस्त्यावर पडला आणि मागून टेम्पो येत होता. त्यानंतर हा माणूस डाव्या हातात फोन आणि उजव्या हातात गाडी असा फिरायला लागला. मालनच्या जिवाला घोर. अकरा महिन्यांची शिवानी मांडीवर घेऊन ती दिवसभर दाराकडे कान लावून बसायची.

शेवटी तिनेच मनावर घेतलं. बाप सुतार. शाळा सातवीत सुटली, पण हाताचं वळण सुटलं नव्हतं. नळाचे दोन क्लॅम्प, सायकलच्या ट्यूबची पट्टी, हवाई चपलेच्या तळाचा तुकडा गादीसारखा, आणि बाहेरून लाकडी चौकट. चौकट तर अशी जमली की फोन खट्‌कन आत. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.

"काय बायको आहे राव!" सुशांत हँडल हलवून बघत म्हणाला. "पेटंट घेऊ या."

तेवढ्यात फोन आपसूक उजळला. मॅप उघडला. त्यावर एक निळी रेघ, कोपरहून निघालेली, कल्याण ओलांडून वर टिटवाळ्याच्या अंगाने गेलेली. खाली लिहिलेलं, एक तास वीस मिनिटं.

"पत्ता कोणी टाकला?" मालनने विचारलं.

"तूच टाकला असशील. माहेरी जायची घाई." तो हसला. त्याने फोन बाहेर काढला तर रेघ नव्हती. परत आत घातला, रेघ हजर. "तुझी चौकट बटण दाबतेय गं कुठेतरी. घास जराशी."

मालनने कानशीने कड घासली. फोन तसाच खट्‌कन बसला. सुशांतने आपला पत्ता टाकला, तो नीट उमटला, आणि तो गेला. कडेवरची शिवानी मात्र गाडी गेली त्या बाजूला न बघता दुसरीकडेच बघत होती.

२

बुधवारी त्याच वेळी फोन चौकटीत गेला. तीच रेघ. खाली, एक तास चार मिनिटं.

"काल एक-वीस होते," मालन म्हणाली.

"आज ट्रॅफिक कमी असेल."

मालनला पटलं. न पटायला काय झालं? रेघ कुठे जाते तेही सुशांतने बोटाने वर सरकवून बघितलं. खडवली. तो मोठ्याने हसला. "बघ! रविवारी दौलतकडेच जायचंय ना? मी परवा रस्ता बघितलेला, याने लक्षात ठेवला. आणि तू घाबरून मेलेली."

दौलत म्हणजे मालनचा धाकटा भाऊ. खडवलीला रोपांची नर्सरी चालवायचा. शिवानीचं जावळ रविवारी तिथे काढायचं ठरलं होतं. मामाची मांडी, नदीचा काठ, अकरावा महिना, सगळं जुळून आलेलं. सासूबाईंचा, म्हणजे गोदाबाईंचा, हट्टच होता की वाहत्या पाण्याशेजारीच जावळ निघालं पाहिजे.

मालनचाही जीव भांड्यात पडला. फक्त एक गोष्ट तिला खटकली. दौलतचं घर स्टेशनच्या बाजूला. रेघ त्याच्या घरावरून पुढे जात होती, शेताच्या बांधावरून, आणि संपत होती निळ्या पट्ट्यात. नदीच्या वळणात. तिथे रस्ता नव्हता.

"गावाकडे मॅप चुकतोच," सुशांत म्हणाला आणि किक मारली.

३

गुरुवारी अठ्ठेचाळीस मिनिटं.

सुशांत गेल्यावर मालन स्वयंपाकाला लागली. भाकरी थापता थापता तिच्या तोंडात लहानपणीचा पाढा आला. सोळा एके सोळा, सोळा दुणे बत्तीस, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, सोळा चोक चौसष्ट, सोळा पाचे ऐंशी.

ऐंशी म्हणजे एक तास वीस. चौसष्ट म्हणजे एक तास चार. आणि आज अठ्ठेचाळीस.

तिचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपली.

"काय गो, लक्ष कुठाय?" गोदाबाई आतून ओरडल्या. "वास येतोय!"

मालनने बोटं मोजली. उद्या बत्तीस. शनिवारी सोळा. रविवारी काही उरत नव्हतं.

वाहनं कमीजास्त होतात ती पाढ्याने होतात का? हा प्रश्न तिने स्वतःला तीनदा विचारला. मग स्वतःलाच झापलं, की सातवी शिकलेल्या बाईने मॅपवाल्यांना अक्कल शिकवू नये. मशीन आहे, त्याचा काही हिशोब असेल.

दुपारी तिने सुशांतला फोन लावला. तो ठाण्यात होता, टेंभी नाक्याला, वडापाव खात.

"एक काम करा. फोन चौकटीत ठेवून बघा, ती रेघ येते का. आणि त्याचा फोटो मला पाठवा."

"अगं, जेवू तरी दे!"

"आधी पाठवा."

पाच मिनिटांनी फोटो आला. त्याखाली त्याने लिहिलं होतं, मॅप गंडलाय, ठाण्याहून अठ्ठेचाळीस मिनिटांत खडवली, उडत जाऊ का?

मालनने फोटो बोटांनी मोठा केला. मग तिला दिसलं. रेघ ठाण्याहून निघतच नव्हती. सुशांत टेंभी नाक्यावर उभा होता आणि रेघ निघत होती कोपरहून. त्यांच्याच गल्लीतून.

म्हणजे ती गाडीची वाट नव्हती. फोनचीही नव्हती. इतके दिवस ती नवऱ्यासाठी जीव मुठीत धरून बसली होती, आणि रेघ घरी बसलेल्या कोणाची तरी होती.

घरी तिघी होत्या. सासू, ती आणि शिवानी.

४

शुक्रवारी बत्तीस मिनिटं. सुशांतने स्वतः वाचून दाखवली आणि वाचताना त्याचा आवाज जरासा उतरला. पण कबूल कोण करणार?

"योगायोग आहे गं."

"मग उद्या सोळा आले तर?"

"आले तर आले. फोन बिघडलाय, त्याच्यासाठी मी जावळ रद्द करू? तीस माणसांना सांगितलंय. आई जीव घेईल माझा. कोणत्या तोंडाने सांगू, मॅपने मनाई केली?"

"ती चौकट तरी घरी ठेवून जा."

"आणि फोन?"

"खिशात. थांबून थांबून बघा. उशीर झाला तर शिव्या खा, पण एका हाताने चालवू नका."

त्याने पाना काढला, क्लॅम्प सैल केले आणि चौकट तिच्या हातात दिली. लाकूड कोमट होतं. गाडी उन्हात उभी होती, म्हणून असेल.

५

शनिवारी सुशांत कामावर गेला. गोदाबाई जावळासाठी सामान आणायला बाजारात गेल्या. घरात मालन आणि शिवानी. पंख्याचा घर्रर्र आवाज, नळाखाली ठेवलेल्या बादलीत टप् टप्.

मालनने ठरवलं होतं की बघायचंच नाही. पण नऊ वाजले, नऊ-पाच झाले, आणि तिने ओट्यावर चौकट ठेवली. तिला एकदा खात्री करून घ्यायची होती. तिचा स्वतःचा फोन होता, जुना, त्यातला नेट पॅक कालच संपलेला. नेट नसेल तर मॅप कुठून येणार? यात जर काही आलं नाही, तर बिघाड सुशांतच्या फोनात. सरळ गोष्ट. मग रविवारी नवी साडी नेसून खुशाल खडवलीला जायचं.

तिचा फोन आकाराने लहान होता. चौकटीत खुळखुळला असता. तरी तो खट्‌कन बसला.

पडदा करडा झाला. मॅप आलाच नाही. रस्ते नाहीत, स्टेशनं नाहीत, नावं नाहीत. नुसत्या करड्या पडद्यावर निळी रेघ, एका टोकाला ठिपका. खाली, सोळा मिनिटं.

मालन बघत राहिली. आणि तिच्या डोळ्यांदेखत ठिपका हलला. बोटभर. मग थांबला. मग पुन्हा हलला.

फोन ओट्यावर, चौकट ओट्यावर. कोणी हात लावला नव्हता. फरशीवर मात्र सरसर आवाज येत होता. आतल्या खोलीतून शिवानी रांगत येत होती. दोन पावलं रांगायची, थांबायची, फरशीवर हात आपटायची, पुन्हा रांगायची.

मालनने तिला उचललं आणि गॅलरीत नेऊन बसवलं. पळत ओट्याशी आली. ठिपका त्या बाजूला गेला होता. तिने गॅलरीतून उचलून तिला न्हाणीच्या दारात ठेवलं. ठिपका तिकडे. तिसऱ्यांदा करून बघायची तिची हिंमत झाली नाही.

शिवानी न्हाणीच्या दारात बसून हसत होती. बादलीत पाणी टप् टप् पडत होतं. मालनने नळ घट्ट बंद केला, बादली उपडी केली, मुलीला छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

६

गोदाबाई आल्या तेव्हा ती तशीच बसलेली.

"काय झालं गो? पोरीला बरं नाय?"

मालनने सगळं सांगितलं. सोळाचा पाढा, टेंभी नाक्याचा फोटो, ठिपका. गोदाबाई ऐकत होत्या आणि चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की सून कामाने थकलीय. मग मालनने ते सांगितलं, जे चार दिवस लपवलं होतं.

"ती चौकट पाटीची आहे, आई. शिवानीच्या सटवीच्या पूजेची."

शिवानी सहा दिवसांची होती तेव्हा रात्री पाट्यापुढे कोरी पाटी आणि पेन्सिल ठेवली होती, घरोघरी ठेवतात तशी. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. सकाळी गोदाबाईंनी ती लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली, पोर शाळेत जाईल तेव्हा पहिलं अक्षर तिच्यावर गिरवू म्हणून. दिव्याच्या जुन्या घरातून कोपरला सामान हलवताना दगडाचे दोन तुकडे झाले. लाकूड शाबूत होतं, चांगलं मुरलेलं. मालनने सासूला न सांगता फुटका दगड काढून टाकला आणि चौकट फोनच्या मापाला कापून वापरली. सुताराची लेक ती, चांगलं लाकूड वाया जाताना तिला बघवत नाही.

तिला वाटलं होतं आता शिव्या पडतील. गोदाबाई नुसत्या खाली बसल्या.

"त्या दिवशी सकाळी पाटी मी पहिली बघितली," त्या म्हणाल्या.

"कोरीच होती ना?"

"कोरीच." मग बाजारची पिशवी बाजूला सारत, "एक रेघ होती बारीक. मला वाटलं, पेन्सिल घरंगळली असंल."

मग गोदाबाईच उठल्या. तीस माणसांचं जेवण जिने ठरवलं होतं त्याच बाईने फोन उचलला आणि आधी मुलाला, मग दौलतला सांगितलं, "जावळ हितं कोपरला. घरात. नदीवर नाय. कारण विचारू नको, म्हातारीचं ऐक." सुशांतने काहीतरी विचारलं असावं, कारण त्या कडाडल्या, "मेल्या, मी सांगते ते तुझ्या मॅपपेक्षा खरं आहे!"

राहता राहिली चौकट. फोडायचा धीर होईना. लेकीच्या नशिबाची पाटी कोण फोडेल? जाळायची तर त्याहून नाही. पाण्यात सोडायची रीत आहे, पण आता नदीला काय अन् खाडीला काय, त्या दोघींची पावलं वळणार नव्हती. "घरात नको मात्र," गोदाबाई म्हणाल्या. दुपारी चार वाजता मालनने ती खाली नेली आणि गल्लीच्या तोंडाशी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. क्लॅम्पसकट, ट्यूबच्या पट्टीसकट.

७

रविवारी सुशांतने रजा घेतली होती. नवी साडी कपाटातच राहिली. मालन सकाळपासून शिवानीला खाली ठेवायला तयार नव्हती. तिने घरातली प्रत्येक बादली, प्रत्येक कळशी रिकामी केली. सुशांत तोंड धुवायला गेला तर पाणी नाही.

"अगं, पेस्ट लावलीय मी!"

"नऊ-बारानंतर."

पेस्ट लावलेल्या तोंडाने तो तिच्याकडे बघत राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, मुकाट तिच्या शेजारी येऊन बसला आणि शिवानीचा पाय हातात धरून ठेवला. नऊ-दहा. नऊ-अकरा. पंखा घरघरत होता. नऊ-बारा. शिवानीला जांभई आली. नऊ-तेरा.

काही झालं नाही.

गोदाबाईंनी देवाला हात जोडले. सुशांत फेस गिळून म्हणाला, "झालं समाधान?" आणि मालनला इतक्या जोरात हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

नऊ-चौदाला फोन वाजला. दौलतचा.

"ताई, तू इथे कधी आलीस? आणि हाक मारतोय तर ओ का देत नाहीस?"

"मी घरी आहे रे."

पलीकडे नुसता पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. मग दौलत म्हणाला, "मी निघतो," आणि फोन ठेवला.

तो अकरा वाजता आला. गोदाबाईंनी त्याला नदीचं पाणी कॅनभर आणायला सांगितलं होतं, निदान तेवढं तरी म्हणून. तो रिकाम्या हातांनी आला. कॅन तिथेच टाकून आलो म्हणाला. आल्या आल्या त्याने शिवानीला उचललं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. तिचे केस काळेभोर, कानांवर आलेले. तो ते मुठीत धरून सोडायचा, पुन्हा धरायचा.

"काय बघितलंस?" मालनने विचारलं.

"वळणात कोणी बाई उभी होती. पाण्यात, कमरेइतक्या. पाठ माझ्याकडे. कडेवर पोर." त्याने शिवानीला घट्ट धरलं. "साडी नवी होती. मी तुला हाक मारली. ती वळली नाही, पण पोर खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं. ओळखल्यासारखं हसलं."

"शिवानी होती?"

"ताई, त्याच्या डोक्यावर केस नव्हते. नुकतेच काढल्यासारखे."

एवढंच. पुढे काय झालं ते त्याने कधीच सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

न्हावी दारात वस्तरा लावून तयार होता. गोदाबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "वस्तरा ठेव. मामाच्या मांडीवर एक बट काप कात्रीने. बस झालं."

"आजी, असं जावळ असतं होय?"

"आमच्यात असतं. आजपासून."

एक बट कापली. शिवानीने न्हाव्याची कात्री धरायला हात पुढे केला आणि सगळे एकदम ओरडले, मग एकदम हसले. तीसपैकी बारा माणसं आली, तेवढीच वरण-भात-शिरा जेवली. संध्याकाळी मालनने नळ सोडला आणि मुलीला पोटभर न्हाऊ घातलं. चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती.

८

शिवानी आता दोन वर्षांची आहे. वेणी घालण्याइतके केस झालेत. बायका विचारतात, मुलीचं जावळ काढलं नाही का गं? मालन म्हणते, काढलं की. सुशांतने बाजारातून चांगला जाड लोखंडी होल्डर आणलाय. रेघ पुन्हा कधी दिसली नाही.

पण झोप लागायच्या आधी मालनच्या मनात एक गोष्ट येतेच. त्या सोमवारी ती भिंतीपाशी गेली होती. चौकट नव्हती. खाली राहणाऱ्या घरमालकीण वासंतीकाकू, मूळच्या इथल्याच, दिवसभर ओट्यावर बसून गल्ली बघतात. त्यांना विचारलं.

"ती तुजी लाकराची? नेली की गो एका गारीवाल्यानी. शनवारीच. काली गारी व्हती. उचलून बगितली, फोन घालून बगितला, खुश झाला बिचारा."

"एकटाच होता?"

"एकटाच. पन गारीच्या टाकीवर पोराची बारकी शीट व्हती, बग. पोराला शिकवनीला सोरून आला असल."

तेव्हापासून मालन रस्त्यावरच्या प्रत्येक बाइकचं हँडल बघते. सिग्नलला, पेट्रोल पंपावर, शाळेच्या दारात. तो गाडीवाला अजून सापडला नाही. त्याचं घर कुठे, कोपर की कळवा की अंबरनाथ, काही माहीत नाही. आपल्या लेकीवरचं टळलं आणि आपण ते दुसऱ्याच्या लेकरासाठी भिंतीवर ठेवून दिलं, हे तिला पुसता येत नाही. म्हणून ती भेटेल त्याला हे सांगते, आणि सांगायला सांगते.

काळी बाइक. हँडलवर लाकडी चौकट, आत चपलेची निळी गादी, दोन बाजूंना नळाचे क्लॅम्प. दिसला तर त्याला थांबवा. अनोळखी असला, घाईत असला, वेड्यात काढलं तरी थांबवा. रेघ कुठे जाते ते बघू नको म्हणावं. कुठून निघते ते बघ. आणि घरी फोन कर.